सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले, तर नवा आजार सापडणार कसा?

भांडुपहून एकांनी विचारलं आहे: जुलैत वडिलांना आठ दिवस ताप होता. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड, सगळं निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, आणि वडील बरेही झाले. पण उद्या खरोखरच एखादा नवा आजार मुंबईत शिरला, तर तोही असाच व्हायरलच्या नावाखाली खपून जाणार नाही का? यावर संशोधन करतं कोण, आणि ते होतं कसं?

हो, खपून जाऊ शकतो. याआधी गेलेलेही आहेत. मी बरीच वर्षं मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तापाचे नमुने बघते आहे. नव्या आजारांवरचं संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुगीर पांढरे पोशाख आणि महागडी यंत्रं येतात. तीही लागतात, पण सगळ्यात शेवटी. त्याआधीचं बरंचसं काम म्हणजे निगेटिव्ह ठरलेल्या नमुन्यांकडे पुन्हा वळणं. आणि ते जमणार की नाही हे आधीच ठरून गेलेलं असतं: रक्त तापाच्या कितव्या दिवशी काढलं, सोबतच्या फॉर्मवर काय लिहिलं, आणि तपासणीनंतर उरलेला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पाणीदार भाग, ठेवला की टाकला.

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टपासूनच सुरुवात करू. डेंग्यू निगेटिव्ह याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशीच्या त्या रक्तात त्या किटला जे शोधता येतं ते मिळालं नाही. शाळेत हजेरी घेतात तसंच आहे हे. ज्याचं नाव पटावर नाही, तो वर्गात बसलेला असला तरी त्याला कुणी हाक मारत नाही. शिवाय प्रत्येक चाचणीला तिचा दिवस असतो. डेंग्यूचं एनएस-१, म्हणजे त्या विषाणूचंच एक प्रथिन, साधारण पहिल्या पाच दिवसांत चांगलं सापडतं, मग सुटत जातं आणि आयजीएम, म्हणजे लागणीनंतर शरीर सुरुवातीला तयार करतं ती अँटीबॉडी, वर येऊ लागते. साचलेल्या पाण्यातून लागणाऱ्या लेप्टोचे जंतू पहिल्या आठवड्यात रक्तात असतात, तेव्हा पीसीआरने पकडता येतात. आयजीएम पाचव्या-सातव्या दिवसाआधी क्वचितच दिसते. आपल्याकडे काय होतं? ताप आला की दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये फीवर प्रोफाइल, म्हणजे तापाच्या चाचण्यांचा ठरलेला संच, त्यात लेप्टो आयजीएमही. ती त्या दिवशी निगेटिव्ह येणारच. मग तोच कागद आठवडाभर फाइलमध्ये पुढे सरकतो आणि लेप्टो नाही असं सगळे धरून चालतात.

दरम्यान डॉक्टरांनी लेप्टोवर चालणारं अँटिबायोटिक, डॉक्सिसायक्लिन, सुरू केलेलं असतं. मुंबईच्या पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ते देणं बरोबरच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर या शहरात लेप्टोची जी लाट आली ती ज्यांनी पाहिली ते रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. पण हेच औषध स्क्रब टायफस या दुसऱ्या एका जंतूजन्य तापावरही चालतं. म्हणजे रोगी बरा झाला, आणि आजाराचं नाव मात्र हातातून गेलं. एखादा व्हायरल डॉक्सी सुरू केल्यापासून दोन दिवसांत ओसरतो, तेव्हा मला तो व्हायरल होता याबद्दल शंका येते. अर्थात व्हायरल ताप आपोआपही उतरतोच, त्यामुळे नंतर छातीठोकपणे काहीच म्हणता येत नाही.

स्क्रब टायफसची एक खूण असते. बारीक माइट चावते तिथे काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. ती बहुधा काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत असते. ओपीडीत दीडशे माणसं रांगेत असताना कोण कुणाचा सदरा उतरवून बघणार? मी निवासी डॉक्टरांना सांगत असते की मला सीरम पाठवण्याआधी ती खपली शोधा. सापडली, तर अर्धं निदान तिथेच होतं.

दुसरी गोष्ट विचारपूस. फॉर्मवर ‘प्रवास’ असा एक रकाना असतो आणि त्यात दहापैकी नऊ वेळा ‘नाही’ लिहिलेलं असतं. वॉर्डात जाऊन मी स्वतः विचारते तेव्हा संवाद असा होतो.

“काका, गेल्या महिन्यात बाहेरगावी कुठे गेला होतात का?”

“नाही हो. कुठे जाणार?”

“मे महिन्यात इथेच होतात?”

“छे, मेमध्ये गावी. बांद्याला. काजू गोळा करायचे होते ना.”

चाकरमान्याच्या हिशेबी गावी जाणं म्हणजे प्रवास नव्हेच. आणि माझ्या दृष्टीने त्या एका वाक्याने सगळी तपासणीच बदलते, कारण सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आहेत. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. माकडं मरत होती म्हणून सुरुवातीला पीतज्वराची शंका आली होती. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचे दिवस थंडीपासून मेअखेरपर्यंतचे. नेमके शिमग्याला आणि मेच्या सुट्टीत मुंबई कोकणात जाते तेच. मुंबईतल्या कुठल्याही फीवर प्रोफाइलमध्ये माकडताप नसतो. तो कुणीतरी मुद्दाम मागवावा लागतो, आणि मागवायचा तर आधी सुचावा लागतो.

आता संशोधनाकडे. एकट्या रुग्णाचा न ओळखलेला ताप तसा रोजचा आहे. कान टवकारले जातात ते त्यात काहीतरी विसंगत दिसलं की. एकाच घरातले दोघे, वॉर्डातल्या रोग्यानंतर त्याची नर्स, एरवी मुलांना होणारा आजार धडधाकट प्रौढांना. २०१८ मध्ये कोझिकोडच्या डॉक्टरांना एकाच घरातला दुसरा माणूस मेंदूज्वराने आलेला दिसला तेव्हा त्यांनी नेहमीचं निदान लावून फाइल बंद केली नाही. नमुने मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेत गेले, मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या एनआयव्हीने, वटवाघळांतून माणसात येणाऱ्या निपाह विषाणूवर शिक्कामोर्तब केलं. ज्याच्यापासून साखळी सुरू झाली तो पहिला रुग्ण मात्र तोवर निदानाविनाच गेला होता.

त्याच निपाहची आधीची कहाणी तुमच्या शंकेचं थेट उत्तर आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात मेंदूज्वराची साथ आली. निदान झालं जपानी मेंदूज्वर. त्यानुसार डासांवर फवारणी झाली, लसी टोचल्या, आणि साथ काही हलेना. आजारी पडणारे बहुतेक डुकरांच्या फार्मवर राबणारे प्रौढ होते, लस घेतलेलेही पडत होते. हे खटकल्यावर नमुने पेशींवर वाढवून पाहिले गेले आणि मार्च १९९९ मध्ये वेगळाच विषाणू हाती लागला. तोवर चुकीच्या निदानामुळे हकनाक महिने गेले होते. एकूण शंभरहून जास्त माणसं दगावली.

पुढे २००१ च्या सुरुवातीला सिलिगुडीत तापाची आणि मेंदूज्वराची साथ आली. बहुतेक लागण रुग्णालयांतूनच झाली. कर्मचारी गेले, भेटायला आलेले गेले. तेव्हा नाव सापडलं नाही. नमुने जपून ठेवले होते म्हणून नंतर ते पुन्हा तपासता आले, आणि तो निपाह होता हे सविस्तर छापून आलं २००६ मध्ये. भारतात निपाह २००१ मध्ये होता हे आपल्याला कळलं ते एका फ्रीझरमुळे.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण चांदीपुराचं. १९६५ मध्ये नागपूरकडे चिकनगुनिया आणि डेंग्यूची साथ होती. त्या साथीतल्या तापाच्या रोग्यांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांना भलताच एक विषाणू मिळाला. त्याला तिथल्या गावाचं नाव दिलं. नंतर कित्येक वर्षं तो कागदांतच राहिला, विशेष घातक नसावा अशा समजुतीत. २००३ मध्ये आंध्रात मुलांच्या मेंदूज्वराची मोठी साथ आली. ३२९ मुलं आजारी, १८३ मृत्यू. कारण शोधताना समोर आला तो हाच जुना चांदीपुरा. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला. तो पसरवते सँडफ्लाय, भिंतींच्या फटींत राहणारी बारीक माशी. १९६५ चं ते काम कुणी नीट नोंदवून ठेवलं नसतं, तर २००३ मध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

मग हल्ली जी जनुकीय वाचनाची यंत्रं आली आहेत, नमुन्यातले सगळेच डीएनए-आरएनए एकदम वाचणारी, त्यांनी हे सोपं झालं नाही का? झालं, थोडं. त्यांना आधी नाव सांगावं लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. पण रक्ताचा नमुना वाचला तर त्यातला बहुतांश मजकूर त्या माणसाचा स्वतःचाच असतो. उरलेल्यात कातडीवरचे जंतू, किटच्या द्रावणांतूनच आलेली घाण, आणि कुठेतरी तळाशी, असलाच तर, तुमचा आरोपी. जे सापडेल ते आजाराचं कारण असेलच असंही नाही. १९९७ मध्ये जपानमध्ये रक्त चढवल्यानंतर कावीळ झालेल्या एका रोग्याच्या रक्तात नवा विषाणू मिळाला, टीटी नावाचा. काविळीचा नवा विषाणू म्हणून बराच गाजावाजा झाला. मग लोकांनी निरोगी माणसांचं रक्त तपासलं, तर तो जवळपास सगळ्यांकडेच. आपल्यासोबत मुकाट राहणारा भाडेकरू निघाला तो. त्यामुळे नवा विषाणू सापडल्याची बातमी आली की मी पहिला प्रश्न विचारते: निरोगी शेजाऱ्यांचं रक्त तपासलं का? आणि दुसरा: बरं झाल्यावर त्याच रोग्याच्या अँटीबॉडी चढल्या का?

या दुसऱ्या प्रश्नावर आमची बहुतेक संशोधनं लटकतात. त्यासाठी दोन नमुने लागतात, एक तापात आणि दुसरा साधारण दोन आठवड्यांनी. दोन्ही एकाच वेळी शेजारी ठेवून तपासायचे. दुसऱ्यात अँटीबॉडीचं प्रमाण चौपट झालं, तर खात्रीने म्हणता येतं की लागण तेव्हाचीच. कागदावर अगदी साधं. पण बरा झालेला माणूस निव्वळ रक्त द्यायला पुन्हा अर्धा दिवस रजा टाकून, लोकलच्या गर्दीत उभा राहून परळला येत नाही, आणि का यावं त्याने? म्हणून ज्या अभ्यासाच्या बजेटमध्ये घरी जाऊन रक्त काढणाऱ्या माणसाचा पगार आणि प्रवासखर्च आहे, त्यावर माझा विश्वास बसतो. निधी देणारे यंत्राला चटकन हो म्हणतात आणि या पगारावर मात्र कात्री चालवतात.

फ्रीझरचंही तसंच. सीरम वेगळा करायचा, छोट्या-छोट्या व्हायलमध्ये वाटून ठेवायचा, म्हणजे एक काढली तर बाकीच्या वितळत नाहीत. वारंवार वितळला-गोठला की आरएनए खराब होतो. उणे ८० ला साधी शाई टिकत नाही, लेबलं गळून पडतात, आणि वर्षाने तुमच्या हातात बर्फाने माखलेली बिननावाची व्हायल येते. ती कुठल्याच कामाची नाही. लाइट गेली तर जनरेटर किती मिनिटांत चालू होतो आणि रात्री अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो, हे लिहिलेलं हवं. आणि मुंबईत तरी कृपा करून फ्रीझर तळमजल्यावर ठेवू नका. रोग्याची लेखी संमतीही हवी, त्याला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत. उरलेलं रक्त पुढे अजून कशासाठी वापरलं जाईल हे त्यात स्पष्ट असायला हवं.

मुंबई या बाबतीत कोरी नाही. प्लेगची पहिली नोंद डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत केली, आणि तेव्हाही आधी शंकाच घेतली गेली. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी इथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. लस आली तरी प्लेग पसरतो कसा हे कळायचं होतं. घरं धुतली जात होती, माणसं हुडकून वेगळी काढली जात होती. पिसूकडे बोट दाखवलं फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत, पण फारसं कुणी ऐकलं नाही. ते पक्कं झालं मुंबईत, डॉ. लिस्टन आणि पुढे १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांतून. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. काही पिंजरे जमिनीलगत, काही पिसूची उडी पोचणार नाही इतके वर टांगलेले, काहींभोवती पिसवा अडकाव्यात म्हणून चिकट पट्टा. हवा सगळ्यांना तीच. जिथे पिसवा पोचल्या तेच मेले. इतका साधा आणि इतका निरुत्तर करणारा प्रयोग मला आजही कुठल्याही जनुकीय आलेखापेक्षा जास्त आवडतो.

या शहरातलं दुसरं मोलाचं काम गटारातलं आहे. २००१ पासून पोलिओसाठी मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने नियमित घेतले जाऊ लागले. तपासणी परळला, हाफकिन संस्थेच्याच आवारातल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशेंत एखाद्याच मुलाला लुळेपणा येतो. म्हणजे एकही मूल लंगडत नसताना विषाणू वस्तीत फिरत असू शकतो, आणि सांडपाण्यात तो दिसतो. कोणी डॉक्टरकडे गेलंच पाहिजे असं नाही, चाचणी परवडली पाहिजे असंही नाही. कोविडच्या काळातला जुलै २०२० चा सिरो-सर्व्हे याच जातीचा: माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांचे तीन वॉर्ड, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या अंगात अँटीबॉडी, इमारतींत १६ टक्के. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्यांच्या आकड्यात यातलं फारच थोडं दिसत होतं.

पुढची महामारी कुठल्या प्राण्यातून येईल हे आधीच सांगण्याच्या प्रकल्पांबद्दल मला फारशी आशा नाही. वटवाघळांतले विषाणू मोजणं हे ज्ञान म्हणून चांगलंच आहे. पण यादी लांब होते आणि त्यातला कुठला माणसात उतरेल हे ती यादी सांगत नाही. २०२१ मध्ये बातमी आली की महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या अँटीबॉडी सापडल्या. एनआयव्हीने ते नमुने मार्च २०२० मध्ये घेतले होते. लगेच लोक मला विचारायला लागले की स्ट्रॉबेरी खावी का. अँटीबॉडी म्हणजे त्या वटवाघळांची कधीतरी त्या किंवा त्याच्या कुळातल्या विषाणूशी गाठ पडली होती, इतकंच. त्यातून उपयोगाची गोष्ट एकच निघते: साताऱ्याकडून मेंदूज्वराचा न ओळखलेला रुग्ण आला तर निपाह यादीत असू द्या.

करतं कोण, याचं उत्तर थोडक्यात. संशयित नमुना रुग्णालयाकडून महापालिकेच्या साथरोग विभागाला कळवून कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जातो, तिथे न सुटलेला किंवा धोकादायक वाटणारा तीन थरांच्या पॅकिंगमध्ये पुण्याला एनआयव्हीत. निपाहसारखे विषाणू वाढवण्याइतकी बंदिस्त, चौथ्या स्तराची प्रयोगशाळा तिथे आहे. ही साखळी बरी चालते. कच्चा दुवा तिच्या आधीचा: मुंबईतले बहुतेक ताप खासगी दवाखान्यात आणि खासगी लॅबमध्ये सुरू होऊन तिथेच संपतात, आणि लॅब उरलेला सीरम काही दिवसांत टाकून देते. फॅमिली डॉक्टरांच्या निवडक दवाखान्यांमधून, त्यांना योग्य मोबदला देऊन, न ओळखलेल्या तापांचे नमुने वर्षभर गोळा करणं हा मला सगळ्यात जास्त मोलाचा अभ्यास वाटतो. शंभर नमुन्यांतला एकही नवा निघाला नाही तरी त्यातले किती लेप्टो होते आणि किती स्क्रब टायफस, हे तरी कळेल.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आता शोधण्यासारखं काही नाही, त्यांना पुन्हा टोचू नका. पुढच्या वेळी घरात कुणाला ताप आला तर पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि प्रत्येक रिपोर्टवर तो तापाचा कितवा दिवस हे पेनाने लिहा. पाचव्या-सहाव्या दिवशीही ताप असेल, तर आधी निगेटिव्ह आलेल्या लेप्टोची चाचणी पुन्हा करायची का हे डॉक्टरांना विचारा. औषधं कधी सुरू केली तेही सांगा, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्यांसकट. गावी, शेतावर, ट्रेकला, गोठ्यात, साचलेल्या पाण्यात कुठे जाणं झालं ते कुणी विचारण्याआधीच सांगून टाका. आणि त्याच सुमारास घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी दुसऱ्या कुणाला तसाच ताप आला असेल, किंवा तापाबरोबर झटके, असंबद्ध बडबड, गुंगी असं काही दिसलं, तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा आणि ही दुसऱ्या माणसाची गोष्ट तिथे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.